पोस्टरवरचं तोंड

“…पण सर, नियमाप्रमाणे मी तिचे डोळे झाकले होते ना? मग माझं चुकलं कुठे?”

दातांच्या कॉलेजातल्या आपल्या खोलीत डॉ. त्र्यंबक उमाळकर खिडकीशी बसून संत्रं सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न विचारणारा त्यांचा लाडका विद्यार्थी, डॉ. सारंग ढोबळे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण सारंगचं दातांवर झकास चाललं होतं. पिंपळढाब नावाच्या गावात विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड फार. ते पाणी लहानपणापासून पिऊन गावकऱ्यांचे दात तपकिरी पडलेले. सारंगने त्यावर संशोधन केलं, भलंमोठं पोस्टर केलं आणि परिषदेत पहिलं बक्षीस पटकावलं. तेव्हापासून गडी जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत होता.

कॉलेजने ते पोस्टर हौसेने ओपीडीच्या बोळात, पेशंटांच्या बाकांसमोर टांगलं. मधोमध एका बाईचा चेहरा. ओठ ताणून उघडलेलं तोंड, खड्डे पडलेले तपकिरी दात, आणि डोळ्यांवर काळी पट्टी.

ती बाई म्हणजे पिंपळढाबची रेवंता. आज सकाळी ती कॉलेजात आली होती. सारंगनेच बोलावली होती, तिचे दात फुकट नीट करून द्यायला.

बोळात ती पोस्टरपुढे थांबली. थोडा वेळ बघत राहिली आणि तशीच मागे फिरली.

“गेटपर्यंत धावलो सर मी तिच्यामागे. तिथे झाडाखाली बसलीय, एसटीची वाट बघत. वर यायचं नावच घेत नाही. मी समजावलं, ताई, ओळख पटू नये म्हणून ही पट्टी असते, सगळीकडे असंच करतात. तर…”

“तर?”

“तर म्हणते, ‘माह्या नवऱ्यानं बी मले असं नाई पाह्यलं जी.’”

उमाळकरांचा हात संत्र्यावरच थांबला.

“आता याला काय म्हणायचं, सर? फोटोला हो म्हणाली होती, सही केली होती. तुम्ही खाली चला. तुमचं ऐकेल ती. अशीच गेली तर पुन्हा कधी यायची नाही, आणि जन्मभर तसेच दात घेऊन बसेल.”

माणसाला लाज वाटू लागली की तो आधी आवाज चढवतो. सारंगचं तेच चाललं होतं.

“फोटो काढलास तेव्हा कशी बसली होती ती?”

“कशी म्हणजे… तोंडाला पदर लावून. तिकडे बऱ्याच जणी तशाच बसतात. मी म्हटलं, ताई, पदर काढा.”

“काढला?”

“लगेच नाही. दोनतीनदा सांगावं लागलं. मग रिट्रॅक्टर लावला.”

“आणि डोळे कसे होते तिचे?”

“डोळ्यांचं काय, सर?”

“विचारतोय.”

सारंगला आठवावं लागलं. “चांगले होते… बोलके. हसायची ती डोळ्यांनीच.”

“हं.”

उमाळकरांनी सालं गोळा करून टोपलीत टाकली. हात पुसले.

“रिट्रॅक्टर आहे खिशात?”

होता. ओठ दोन्ही बाजूंनी ताणून धरायचं ते पारदर्शक प्लास्टिक दंतवैद्याच्या ॲप्रनमध्ये असायचंच.

“लाव.”

“कुणाला?”

“तुला.”

सारंग कसनुसा हसला. सर हसले नाहीत.

त्याने तो लावला. ओठ कानांकडे ताणले गेले, हिरड्या उघड्या पडल्या. वरचा डावा सुळा आडवा, शेजारच्या दातावर चढून बसलेला. दंतवैद्य झाला तरी सारंगने तो कधी सरळ करून घेतला नव्हता. फोटोत तो ओठ मिटूनच हसायचा, आणि लोक म्हणायचे, काय गंभीर मुलगा आहे!

उमाळकर उठले आणि त्यांनी खोलीचं दार उघडलं.

समोरच बोळ. बाकांवर पेशंट बसलेले. एका आजोबांनी गालावरचा रुमाल बाजूला करून आत डोकावलं. सहीसाठी आलेल्या दोन इंटर्न मुली उंबऱ्यातच थबकल्या. एकीने पटकन खाली पाहिलं, दुसरीचे खांदे हलू लागले.

“ह्… हा…” सारंग म्हणाला. त्याला ‘सर, दार’ म्हणायचं होतं. ओठ जुळल्याशिवाय माणसाला धड गिळतासुद्धा येत नाही. लाळेची तार हनुवटीवरून ॲप्रनवर उतरली.

टेबलावर सारंगचाच कॅमेरा होता. उमाळकरांनी तो उचलून डोळ्याला लावला.

“अजून उघड.”

सारंगची कानशिलं तापली. एवढी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं. पोस्टर, बक्षीस, परिषदेतल्या टाळ्या, काही काही आठवेना. आठवत होतं ते एकच… ताई, पदर काढा.

उमाळकरांनी बटण दाबायच्या आत सारंगचा हात आपोआप वर गेला आणि तोंडावर घट्ट बसला.

खांदे हलवणारी मुलगी थांबली.

उमाळकरांनी कॅमेरा खाली घेतला. त्या हाताकडे बघत ते बोलले. आवाजात राग नव्हता.

“तोंडावरचा हात काढ, सारंग… डोळ्यांवर ठेव.”