हौसाबाईचा अंगठा

आमच्या पिंपरवाडीच्या हौसाबाई सुईणीला मोतीबिंदूमुळे दिसेनासे झाले. मोफत शस्त्रक्रियेसाठी वयाचा दाखला हवा, म्हणून ती तहसील कचेरीत गेली. तिथले धुमाळ साहेब आमच्याच गावचे, पण खुर्चीत बसले की गाव विसरत.

“आजीबाई, जन्माची नोंद आणा. ती अनिवार्य आहे.”

“अनिवार्य म्हंजे काय, साहेब?”

“म्हणजे नोंद नसेल, तर माणूस जन्मलंच नाही असं आम्ही धरतो!” साहेब हसले, म्हणून कारकूनही हसले.

हौसाबाई शांतपणे म्हणाली, “मग तुमची नोंद काढा. त्या काळी बाळ झाल्याची खबर सुईणच चावडीवर द्यायची आणि वहीत अंगठा उठवायची. मी जन्मलेच नाही, तर तुमची खबर दिली कुणी?”

कारकुनाने दफ्तरातून जुनी वही आणली. साहेबांच्या नोंदीसमोर खरोखरच ‘हौसा सुईण’ आणि खाली अंगठा.

“तुम्ही आता बावन्न वर्षांचे. तुम्हाला हातात घेतलं, तेव्हा मी काय पाळण्यात होते?”

साहेब उठून उभे राहिले. दाखला त्यांनी स्वतः लिहिला. पुराव्याच्या रकान्यात दोनच शब्द होते: ‘माझा जन्म’.