धुतलेली घोंगडी

“आणि असली घोंगडी घ्यायला लावलीत मला, उस्ताद? असली?”

तुळाजीनं खांद्यावरची ओली घोंगडी ओढली आणि फकिराच्या पुढ्यात फेकली. थप्पकन आवाज झाला.

लालशा फकीर तकियातल्या, म्हणजे आपल्या मठीतल्या, कडुनिंबाखाली चिलीम भरत बसला होता. त्यानं आधी घोंगडीकडं पाहिलं, मग तुळाजीच्या निळ्या पडलेल्या ओठांकडं.

आणि पुन्हा चिलीम भरू लागला.

“गप्प काय बसता? बोला की!”

आता हा तुळाजी कोण, ते सांगितलं पाहिजे. गावच्या पाटलाचा थोरला. नाकावर माशी बसू न देणारा. नेम चांगला, बंदूक वडिलांची, मिजास स्वतःची. आणि लालशा म्हणजे एके काळी संस्थानाच्या शिकारखान्यातला पहिला माणूस. पुढं बंदूक ठेवली आणि पिराच्या तकियात येऊन बसला. तरी शिकार शिकायची तर पोरं त्याच्याकडंच यायची.

दिवस पौषाचे. माणदेशातल्या उघड्या माळावर ज्यानं पौषातली पहाट काढली नाही, त्यानं थंडीविषयी बोलूच नये. दव असं पडतं की बंदुकीची नळी हाताला चावते.

तुळाजीच्या वडिलांनी त्या साली शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. मेंढरं ठकूबाई धनगरणीची. तळ पडला आणि लांडगा लागला. आज एक मेंढी, परवा एक कोकरू. आपल्या शेतात आलेल्या पाहुणीचं धन असं जातंय म्हटल्यावर तुळाजीनं चारचौघांत कपाळाला भंडारा लावला आणि शब्द दिला, “लांडगा मारल्याशिवाय घरची भाकरी खाणार नाही.”

भंडारा लावणं सोपं असतं हो. पहाटे ओढ्याच्या काठी हलता-डुलता न येता बसून राहणं, ते अवघड.

म्हणून तो उस्तादाला विचारायला आला होता, अंगावर घालू काय? घरात बनातीचा कोट होता, मामांनी दिलेली काश्मिरी शाल होती. लालशानं दोन्हींना नाही म्हणून मान हलवली होती आणि एवढंच म्हणाला होता, “पेठेत जा. ढिगात सगळ्यांत स्वस्त काळी घोंगडी असेल ती घे. मेंढीचा वास मारणारी.”

“घेतली!” तुळाजी ओरडला. “भर पेठेत, पाटलाचा पोरगा असून, ढिगातली सगळ्यांत खालची ओढली. घोंगडीवाला हसला. शेजारचा पानवालाही हसला. मी गिळलं. का? तर उस्तादांचा शब्द!”

“मग?”

“मग काय? आज पहाटे दव पडलं आणि ही चिंधीसारखी भिजली. अंगातलं रक्त गोठलं. दातांचा आवाज तळापर्यंत गेला असेल. आणि तो आला, उस्ताद. समोरून आला, पल्ल्यात आला. थांबला. नाक वर केलं… आणि वळला!”

तुळाजीनं कडुनिंबाच्या बुंध्यावर मूठ आपटली.

“ओढ्यानं वळसा घालून पलीकडून तळात शिरला. कोकरू धरलं. कुत्री पडली त्याच्यावर म्हणून टाकून पळाला. वारा माझ्याकडून त्याच्याकडं होता, मान्य आहे. पण तुम्हीच म्हणाला होता ना, घोंगडी असली की वाऱ्याची काळजी नको, मेंढरांजवळ मेंढराचाच वास येणार? कुठं गेला तो वास?”

लालशानं चिलीम खाली ठेवली. घोंगडीचं टोक उचलून नाकाला लावलं.

“हिला काय केलंस?”

“काही नाही.”

लालशानं तेच टोक त्याच्या नाकाशी धरलं.

“तुळाजी.”

“धुतली. एवढंच.”

घ्या! एवढंच म्हणे. एवढंच म्हणजे काय ते मीच सांगतो, तो काही धड सांगणार नाही. घोंगडी घरी आली, आईनं नाकाला पदर लावला, म्हणाली, “हे मेंढरू उंबऱ्याच्या आत नको.” झालं. तुळाजीनं गड्याला सांगून ती रिठ्याच्या कढत पाण्यात बुचकळली, दगडावर आपटली, वाळवली, पुन्हा बुचकळली. पाण्यावर लोकरीचा तेलकट तवंग आला तो मोरीत ओतून दिला. वर कापराच्या वड्या आणि वाळ्याच्या जुड्या घालून ट्रंकेत ठेवली. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच.

लालशा उठला. दोरीवरची स्वतःची घोंगडी आणली. जुनी, कळकट, जवळ आली की बकऱ्याच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटावं अशी. ती त्यानं तुळाजीच्या घोंगडीशेजारी पसरली. तांब्यात बोटं बुडवून दोन्हींवर पाणी शिंपडलं.

त्याच्या घोंगडीवर थेंब अळवाच्या पानावर राहतात तसे राहिले. झटकली, गेले.

तुळाजीच्या घोंगडीनं पाणी गटागटा पिऊन टाकलं.

तुळाजी बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय?

“बरं, चुकलो! दुसरी आणतो. पेठेत काय कमी आहेत?”

“आण की.”

“आजच आणतो.”

“आण. घरी कुठं ठेवशील?”

तुळाजीच्या डोळ्यांपुढं आईचा पदर आणि ती ट्रंकच आली.

मग मात्र त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “उस्ताद, घर आहे आमचं ते, गोठा नव्हे! मी शिकार शिकायला आलो, कापडं हुंगायला नाही. तिकडं बाईची मेंढरं फाडली जातायत, माझ्या नावाला काळं लागतंय, आणि तुम्ही मला थेंब दाखवता!”

फकिराच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काही चमकलं. तो राग होता.

“उचल घोंगडी. चल.”

तळावर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मेंढरं कोंडायच्या जाळीचे खुंट ठकूबाई उपटत होती. अर्धी जाळी गुंडाळून झाली होती.

तुळाजी धावत पुढं गेला. “ठकूबाई, हे काय?”

“दिसत न्हाई व्हय? जातो आमी.”

“अहो पण मी शब्द दिलाय!”

“त्योच तर!” तिनं उपटलेला खुंट जमिनीवर आपटला. “शब्दाच्या भरवशावर माझी मानसं निजली, धाकलं पाटील. न्हाईतर आमी आमचं जागलंच असतं की! भंडारा तुमच्या कपाळाला आन् लांडगा माझ्या कोकराला? तुमचं श्यात तुमाला लखलाभ.”

तुळाजीला हे असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यानं नजर खाली वळवली.

कोकरू गोणपाटावर पडलं होतं. मागच्या पायाच्या फऱ्यावर दातांच्या खुणा, त्यावर हळद लावलेली. थडथडा कापत होतं.

ते पाहिलं आणि तुळाजीला खरंच वाईट वाटलं. मनाचा वाईट नव्हता तो, उगाच कशाला बोला. वाटेत उन्हानं घोंगडी बरीच वाळली होती. त्यानं ती पुढं होऊन कोकरावर घातली, चांगली चोहोबाजूंनी खोवली.

“राहू द्या ही त्याला. पाटलाच्या घरची आहे.”

कोकराची आई जवळच ओरडत फिरत होती. ती धावत आली. घोंगडीत नाक खुपसलं. हुंगलं…

पाय आपटला. आणि स्वतःच्या पोराला डोक्यानं अशी ढुशी दिली की ते गोणपाटावरून खाली गेलं.

“अरे!” तुळाजी खवळला. “आई आहे का वैरीण? जखमी पोराला मारते?”

“तिला कशाला बोल लावता?” ठकूबाईनं घोंगडी ओढून काढली आणि तिचा वास घेतला. “आरं द्येवा! आवो, द्येवळातल्या गाभाऱ्यात निजली व्हती का ही? ह्ये पोर म्या न्हाई जनलं, असंच म्हननार ती! आता कोकराला बी ह्योच वास लागला. अंगाला लावून घ्यायची न्हाई ती. आन् दूध पोटात गेलं न्हाई तर रातीपत्तूर जायाचं त्ये.”

तुळाजी उभ्या जागी थिजला. लांडग्यानं सोडलेलं कोकरू आता त्याच्या चांगुलपणानं मरणार होतं.

लालशानं ठकूबाईच्या हातातून घोंगडी घेतली. पहाटे जिथं मेंढरं बसली होती तिथं, ओल्या लेंड्यांवर, ती पसरली आणि पायानं दाबली.

“बस.”

“इथं?”

“कोकरू मांडीवर घे.”

“उस्ताद, अहो लेंड्या आहेत! वाटेनं गावची माणसं जातात. मला हसतील.”

लालशानं पायानं घोंगडी आणखी दाबली.

“मी पाटलाचा…”

लालशानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. तो ठकूबाईला म्हणाला, “कोकरू दूध पिईपर्यंत थांब, बाई.”

“पिलं तर बघू, बाबा. न्हाई पिलं तर अंधाराच्या आत जाते.”

गुंडाळलेली जाळी तिथंच पडून होती. तुळाजीनं जाळीकडं पाहिलं, कोकराकडं पाहिलं. दात खाल्ले आणि बसला. कोकरू मांडीवर घेतलं, घोंगडीची मोकळी बाजू दोघांच्या अंगावरून ओढली आणि लेंड्यांनी ओलावलेली लोकर कोकराच्या पाठीवरून फिरवू लागला.

बाकीची मेंढरं चरायला गेली, लेकुरवाळ्या राहिल्या. त्या हळूहळू भोवती जमल्या. कुणी पाठ घासली, कुणी खांद्याशी रवंथ करत बसली, एकीनं तर त्याच्या धोतरावरच कार्यक्रम उरकला. वाटेनं जाणारा सुतार थांबला, बघितलं, हसू दाबत पुढं गेला.

तुळाजीनं तोंडातल्या तोंडात सगळ्यांचा उद्धार केला. लांडग्याचा केला, घोंगडीवाल्याचा केला, रिठ्याचा आणि कापराचा केला, सुताराच्या सात पिढ्यांचा केला. उस्तादाचाही केला, तोही बऱ्यापैकी मोठ्यानं. लालशा बांधावर पाठ फिरवून बसला होता, ऐकू आलं असणारच.

दुपार कलली. शिव्या संपल्या. कोकराचं कापणं कमी झालं होतं, पण मान आता उचलत नव्हतं. तुळाजीनं त्याच्या तोंडात बोट दिलं. तोंड गार लागलं.

“मरू नको रे,” तो पुटपुटला. “माझ्या मांडीवर मरू नको.”

उन्हं तिरपी झाली तशी मेंढी आली.

तुळाजीनं श्वास धरला. तिनं कोकराला हुंगलं, शेपटापासून कानापर्यंत. मग घोंगडी हुंगली. मग त्याचा हात, गुडघा, दाढी. तिचा गरम उच्छ्वास त्याच्या तोंडावर आला. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा वास. सकाळी याच वासानं त्याला मळमळलं असतं.

ती आणखी पुढं सरकली. कास त्याच्या मांडीला टेकली.

कोकरानं नाक हलवलं, चाचपलं, आणि लागलं प्यायला. इवलंसं शेपूट तुळाजीच्या पोटावर भराभरा हलू लागलं.

त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. डोळे पुसायला हात उचलावा, तर मेंढी बुजेल. तसाच बसून राहिला, डोळे वाहू देत.

ठकूबाई लांबून बघत होती. गुंडाळलेली जाळी तिनं सोडली आणि दगड घेऊन खुंट पुन्हा ठोकायला बसली.

लालशा बांधावरून उठून जवळ आला. तुळाजीनं मान वर केली. मेंढी बिथरू नये म्हणून अगदी हळू विचारलं,

“उस्ताद… आता लांडग्याला माझा वास लागेल?”

लालशानं चिलमीतली राख झाडली.

“लांडग्याचं पहाटे बघू. मेंढी तर आली.”