सातझरीची सुधारित ध्येयं

फार लांब नाही, पुढच्याच डोंगराच्या पलीकडे सातझरी नावाचं जंगल होतं. नावात झरे सात होते, जमिनीवर तीन होते, उरलेले चार सरकारी कागदावर वाहत होते. जंगलात रस्ता नव्हता, दवाखानाही नव्हता. पण मोबाइलला रेंज उत्तम होती, त्यामुळे जंगल प्रगत समजलं जाई.

राज्य वाघोजीचं होतं. वाघोजी बिबळ्या होता. तिथं खरा वाघ कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळे नावाबद्दल कुणी हरकत घेतली नाही. दर पाच वर्षांनी निवडणूक होई आणि तोच निवडून येई. निवडून आलेला असला तरी त्याला महाराज म्हणायची पद्धत होती.

याच जंगलात गोजरा नावाची खवले मांजर राहत होती. अंगभर खवले, खायला मुंग्या आणि घाबरलं की अंगाचा चेंडू करून पडून राहायचं, एवढंच त्या जातीचं आयुष्य. गोजराला आणखी एक गोष्ट येत होती. ती मोबाइलवरचे खेळ बनवायची.

तिनं दोन वर्षं खपून एक खेळ बनवला. दोनशे वर्षांपूर्वी सातझरीत सलग चार वर्षं पाऊस पडला नव्हता, त्या महादुष्काळाचा तो खेळ होता. खेळणाऱ्यानं त्या काळातला एखादा कळप निवडायचा आणि पन्नास वर्षं चालवायचा. लढाया करायच्या, तह करायचे, कुरणं राखायची. प्रत्येक कळपाला त्याची स्वतःची ध्येयं होती. एक पुरं केलं की पुढचं उघडे.

लढाया लिहायला गोजराला पंधरा दिवस लागले. ध्येयं लिहायला दीड वर्ष लागलं. त्यासाठी ती रोज म्हाळसाक्काकडे जाऊन बसे. म्हाळसाक्का घोरपड जुन्या तटाच्या दगडाला धरून असायची आणि जंगलातल्या सगळ्या कळपांचा इतिहास तिला तोंडपाठ होता. तो सगळ्यांना माहीत असलेला इतिहास नव्हता, झालेला होता.

"त्या वेळी बिबळ्यांना काय हवं होतं?" गोजरा विचारी.

"पाणी."

"सशांना?"

"पाणी."

"आणि रानडुकरांना?"

"पाणीच. पण कुठं उकरलं की लागतं, ते फक्त त्यांना कळत होतं."

"सगळ्यांना एकच ध्येय दिलं तर खेळ कोण खेळेल, अक्का?"

"हवं ते एकच होतं गं. मिळवायची रीत ज्याची त्याची निराळी होती. ती लिही."

मग गोजरानं ती लिहिली. रानडुकरांचं पहिलं ध्येय होतं, ओढ्याच्या कोरड्या पात्रात पाण्यापर्यंत खणा. वानरांचं, झाडाच्या शेंड्यावर बसून ढगांवर नजर ठेवा आणि खरी बातमी सगळ्यांना सांगा. सशांना एकच ध्येय होतं, जिवंत राहा. बिबळ्यांचं पहिलं ध्येय होतं, रानडुकरांकडे पाणी मागा.

हे शेवटचं तिच्या पदरचं नव्हतं. त्या दुष्काळात बिबळ्यांचा राजा तीन दिवस रानडुकरांच्या खड्ड्याबाहेर बसून होता. चौथ्या दिवशी रानडुकरांनी त्याला पाणी दिलं. तेव्हापासून रीत पडली. दर माघात रानडुकरं तिन्ही झऱ्यांतला गाळ उपसत आणि ते काम चालू असेपर्यंत बिबळे त्यांच्या वाटेला जात नसत. दोनशे वर्षं ही रीत कुणी मोडली नव्हती, कारण ती कुणाच्या लक्षातही नव्हती.

खेळ लोकप्रिय झाला. तरुण बिबळे तर दिवसभर खेळत. लढणं सोपं आहे, मागणं जमायला तीन दिवस लागतात, असं ते एकमेकांना सांगत. ही बातमी दरबारात गेली आणि महाराजांनी मोबाइल मागवला.

महाराजांनी बिबळ्यांचा कळप निवडला. पडद्यावर रानडुकरांचा खड्डा आला आणि खाली बटण आलं, 'विनंती करा'. महाराजांनी ते दाबलं नाही. त्यांनी हल्ला केला. सगळी रानडुकरं मेली. मग खणायला कुणी उरलं नाही आणि चौथ्या महिन्यात बिबळे तहानेनं संपले. महाराजांनी पुन्हा हल्ला केला. पाच वेळा जंगल ओस पडल्यावर त्यांनी मोबाइल सांस्कृतिक मंत्र्यांच्या हातात दिला.

"खेळात दोष आहे," महाराज म्हणाले.

"कोणता, महाराज?"

"मी हरतो."

सांस्कृतिक मंत्री रंगराव तरस होते. तरस हसतो तेव्हा त्याला गंमत वाटलेली असतेच असं नाही. रंगराव हसत हसत गोजराच्या बिळापाशी आले.

"फार छान खेळ आहे," ते म्हणाले. "महाराज स्वतः खेळले. एकच शब्द जरा खटकला. 'मागा'."

"तसंच झालं होतं, साहेब. म्हाळसाक्का सांगेल."

"झालं असेल. आम्ही कुठं नाही म्हणतो? पण झालेलं सगळंच खेळात घ्यायचं म्हटलं तर खेळाला मजा काय राहिली?" रंगरावांनी मागच्या टेकडीकडे पाहिलं. "ही वारुळं तुमचीच का? सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

गोजरानं अंगाचा चेंडू केला. चेंडूशी बोलायचा रंगरावांना सराव होता. ते सावली बघून शेजारी बसले आणि वारुळांविषयी, त्यांच्याभोवती घालता येणाऱ्या कुंपणाविषयी शांतपणे बोलत राहिले. तासाभरानं चेंडूतून आवाज आला.

"काय लिहू?"

आधी 'पाणी मागा'चं 'पाणी स्वीकारा' झालं. मग 'रानडुकरांना पाणी द्या' झालं. शेवटी महाराजांना थांबायला वेळ नसल्यामुळे असं ठरलं की बिबळ्यांची सगळी ध्येयं खेळ सुरू होतानाच पूर्ण झालेली दिसावीत. त्या संध्याकाळी गोजरा म्हाळसाक्काकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही.

पण एकाचं ध्येय बदलता येतं हे कळल्यावर बाकीचे थांबतील कशाला? आठवड्याभरात सशांचं शिष्टमंडळ आलं. पुढे बाळोजी होता, कळपातला सगळ्यात वयस्कर ससा.

"आम्हाला काय, नुसतं जिवंत राहायचं?" बाळोजी म्हणाला. "बाकीच्यांना लढाया, तह आणि आम्हाला हे?"

"बाळोजीकाका, त्या वेळी सशांचे नऊ कळप होते. आठ संपले. एक राहिला, त्यातून तुम्ही सगळे. त्या दुष्काळात एवढा मोठा विजय कुणाचाच नव्हता."

बाळोजीला ते पटलं असावं, कारण त्याचे कान खाली आले. मग त्यानं मागे उभ्या असलेल्या तरुण सशांकडे पाहिलं.

"तरी साम्राज्य लिहा," तो म्हणाला.

वानर आले. ढगांवर नजर ठेवणं हे पहारेकऱ्याचं काम आहे, पाऊस मुळात वानरांनी सुरू केला असं हवं, असं त्यांचं निवेदन होतं. सर्वांत शेवटी रानडुकरांचे पुढारी सुभानराव आले.

"आमचे पूर्वज खड्डे खणत होते, असं तुम्ही जगजाहीर केलंत," सुभानराव म्हणाले.

"खणत होते म्हणून जंगल वाचलं, दादा."

"वाचलं असेल. पण सोयरिकीला गेल्यावर खड्डा सांगता येत नाही. गादी लिहा."

आता गोजराजवळ नाही म्हणायला तोंड नव्हतं. तिनं गादी लिहिली. चार कळपांना चार साम्राज्यं झाली आणि चौघांचं शेवटचं ध्येय एकच झालं, तिन्ही झरे ताब्यात घ्या आणि बाकीच्यांना हाकला. रानडुकरांच्या यादीतून खणणं गेलं. ते दुसऱ्या कुणाच्या यादीत आलं नाही. म्हाळसाक्का स्वतः दरबारात जाऊन विचारून आली, "आणि उकरायचं कुणी?" रंगराव हसले.

सरकारनं हा सुधारित खेळ शाळांना सक्तीचा केला. त्या समारंभात महाराजांचं भाषण झालं.

"बंधू-भगिनींनो, आमच्या सरकारनं पहिल्याच दिवशी शंभर टक्के ध्येयं पूर्ण केली. आधीच्या सरकारांना हे दोनशे वर्षांत का जमलं नाही, याचा जाब त्यांना विचारा. आता मागे वळून बघायचं नाही. आता फक्त इतिहासाकडे बघायचं."

टाळ्या झाल्या. 'आपलं ध्येय, आपला कळप' अशी घोषणा चारही कळपांनी एकदम दिली, त्यामुळे ती एकीची वाटली.

माघ आला. गाळ उपसायला रानडुकरं आली नाहीत. ती माळावर रांगेत चालण्याचा सराव करत होती. फाल्गुनात पहिला झरा बुजला, होळीनंतर दुसरा. चैत्र लागला तेव्हा तिसऱ्या झऱ्याच्या जागी चिखल होता आणि त्याच्याभोवती चार कळपांचे चार झेंडे होते.

गोजरा सुभानरावांकडे गेली. माळावर ऊन होतं. रानडुकरांच्या जिभा बाहेर आल्या होत्या, पण रांग सरळ होती.

"दादा, एक झरा तरी उकरा. दोन दिवसांचं काम आहे तुमचं."

"खणणं आमच्या ध्येयांत नाही."

"ती ध्येयं मी लिहिलीत, दादा. माझ्या बिळात बसून लिहिलीत. घाबरून लिहिलीत."

सुभानरावांनी तिच्याकडे थोडं कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्ही लिहिली असतील," ते म्हणाले. "पण आता ती आमची आहेत."

गोजरा परत फिरली. घरी न जाता ती तडक तिसऱ्या झऱ्यावर गेली आणि झेंड्यांच्या मधोमध खणू लागली. खवले मांजराची नखं वारूळ फोडायला चांगली असतात, गाळ उपसायला नव्हेत. पहिल्या दिवशी तिचं एक नख गेलं. दुसऱ्या दिवशी म्हाळसाक्का तट सोडून खाली आली आणि काही न विचारता शेपटीनं गाळ मागे सारू लागली. बऱ्याच वेळानं तिनं एवढंच म्हटलं, "जरा डावीकडे घे. तिथं खडक मऊ आहे."

"अक्का, मी तुझं सगळं खोटं करून टाकलं."

"माझं कुठं? झालेलं आहे ते, तुझ्यानं कसं खोटं होईल? खण."

तिसऱ्या दिवशी पहाटे बाळोजी आला. "आमच्या पोरांना सांगू नका," म्हणाला आणि खणायला बसला. उन्हं चढली तशी माळाच्या बाजूनं रानडुकरांच्या माद्या येताना दिसल्या. वीस-पंचवीस असतील. पुढे सुभानरावांची सून भामा होती. गोजरा घाबरून चेंडू व्हायच्या बेतात होती.

"सरका," भामा म्हणाली. "गादी पुरुषांनी लिहून घेतली. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. पोरं तहानेनं रडतायत."

त्यांनी मुसकटं खाली घातली. गोजराला तीन दिवसांत जमलं नव्हतं तेवढं त्यांनी दुपारपर्यंत केलं. आधी ओल लागली, मग गढूळ पाणी झिरपलं, मग ते निवळलं. भामानं पहिल्यांदा गोजराला प्यायला लावलं. गोजरा प्यायली आणि पाण्यातून तोंड वर काढायला तिला फार वेळ लागला.

संध्याकाळपर्यंत चारही कळप येऊन पिऊन गेले. महाराजांनी पाणी राजवाड्यावर मागवलं. कुणाकडून आणलं, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या आठवड्यात गोजरानं जुनी ध्येयं होती तशी पुन्हा खेळात घातली आणि खाली आपलं नाव लिहिलं. तो खेळ अकरा जणांनी उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी वारुळांच्या टेकडीभोवती कुंपण पडलं. कुंपणाची पाहणी करून झाल्यावर रंगराव झऱ्यावर आले. गोजरा काठावरचा गाळ ओढत होती.

"झालं गेलं विसरा," ते म्हणाले. "वैशाखात निवडणूक आहे. पक्षाचा जाहीरनामा लिहायला तुमच्यासारखं कुणी नाही. वारुळांचं बघता येईल."

गोजराच्या पाठीवरचे खवले उभे राहिले, पण चेंडू झाला नाही. "मला इथं काम आहे, साहेब," ती म्हणाली. "पलीकडचे दोन झरे अजून बुजलेलेच आहेत."

रंगराव हसले. जाहीरनामा मग त्यांनीच लिहिला. विरोधी पक्षाचाही त्यांनीच लिहिला, कारण मजकूर फारसा वेगळा नव्हता.

निवडणूक ठरल्याप्रमाणे वैशाखात झाली. झऱ्यात पाणी गुडघाभर होतं आणि पुढच्या वर्षी ते कुठून येणार, हे कुठल्याच सभेत कुणी विचारलं नाही. दोनशे वर्षांपूर्वीचं पाणी नेमकं कुणाचं होतं, या प्रश्नावर मात्र विक्रमी मतदान झालं.