एक शिंग उरलेलं सांबर

फार वर्षांपूर्वी एका डोंगरातल्या रानात एका तरुण सांबराचं डावं शिंग गळून पडलं. कळप हसेल म्हणून ते करवंदीच्या जाळीत लपलं. पाहतं तर काय, जवळच एक साळिंदर तेच शिंग कुरतडत बसली होती.

“मावशी, माझं शिंग दे. असा एकशिंगी मी कळपात तोंड कसं दाखवू?”

“टोक खाऊन झालं रे,” साळिंदर म्हणाली. “आणि रडतोस कशाला? तुझ्या बाबांची शिंगंही दर उन्हाळ्यात मीच खाते. दर वर्षी आधीपेक्षा मोठी मिळतात.”

सांबर जाळीतून बाहेर आलं आणि उजवं शिंग सागाच्या खोडावर जोरात घासू लागलं.

“आता हे काय?”

“तुझं पोट अर्धंच भरलं असेल ना, मावशी?”