छतावरची पांढरी पानं

“मग मला एकट्याला कधी पाठवणार, अण्णा?”

रायाप्पा मिस्त्री परांचीवर उताणे पडून छत खरवडत होते. मिरजेतला जुना बंगला. प्लायवूडचं छत काढल्यावर वर चुन्यातली द्राक्षवेल निघाली होती, पण रंगाच्या सात-आठ हातांखाली बुजलेली. ते हात उतरवून मूळ वेल मोकळी करायची होती.

“सावंतवाडीचं काम आलंय,” शेजारी पडलेला चिदानंद म्हणाला. “तिथलं छत मी एकटा करीन. सहा वर्षं झाली तुमच्याबरोबर.”

“आजचं दाखव.”

चिदानंदनं बॅटरी वर धरली. सकाळपासून त्याची अकरा पानं झाली होती. मिस्त्रींची तीन.

“तुमची अजून मळकटच आहेत, अण्णा. चहा सांडल्यासारखी. माझी बघा, कशी दुधासारखी निघाली. तुमचा हात आता चालत नाही.”

“चालत नाही खरा.”

मिस्त्रींनी त्याचं बोट धरलं आणि आपल्या पानावरून फिरवलं. पान गार होतं. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं गुळगुळीत.

मग तेच बोट त्यांनी चिदानंदच्या पानावरून फिरवलं. करकर झाली. बोट पांढरं झालं.

चिदानंद बोटाकडे बघत राहिला...

“अण्णा, हा चहासारखा रंग...”

“चुन्यात गूळ घालायचे. घोटून आरशासारखा करायचे. जुना झाला की असा दिसतो.”

“म्हणजे मी मळ समजून तो थरच खरवडला...”



खाली कुणीतरी अंगण झाडत होतं. चिदानंदनं बॅटरी आपल्या अकरा पानांवरून एकेक करून फिरवली.

“पुन्हा घोटता येतील?”

“नवी करता येतील. ती नाही.”

चिदानंदनं हातातली खरवडायची पट्टी फळीवर ठेवली.

“मालकांना मीच सांगतो. आणि सावंतवाडीला दुसरं कुणी बघा, अण्णा. मला आता पानाला हात लावायची भीती वाटते.”

मिस्त्री कुशीवर वळले. पट्टी उचलली, बाहीला पुसली आणि परत त्याच्या हातात दिली.

“मालकांना सांगून ये. आणि उद्या पहिल्या गाडीनं सावंतवाडीला निघ.”