सिटीतला गुरू

“मग ‘सिटी’ या शब्दात जड अक्षर कोणतं?” शेलारबाईंनी पुन्हा विचारलं.

“टी,” विद्याधर कोपरकर म्हणाला. “सि ऱ्हस्व, म्हणून लघू. टी दीर्घ, म्हणून गुरू. यात तीन-तीनदा विचारण्यासारखं काय आहे?”

बाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, तरी खांदे हलत राहिले.

कोपरकरला ते मुळीच आवडलं नाही. वडिलांच्या मांडीवर बसून त्यानं लघू-गुरू पाठ केले होते. इंग्रजी छंदांवर चारशे पानांचा प्रबंध लिहून तो डॉक्टर झाला होता. इंग्रजी ओळ कशी चालते, तर एक जड अक्षर आणि त्याच्या सोबतीला एखाद-दुसरं हलकं अक्षर, असा एक पाय. अशा पायांवर ती ओळ चालते. हे सगळे पाय त्यानं मोजले होते.

फक्त मोठ्यानं वाचायला लागला की ओळ जागची हलत नसे.

गेल्या वर्षी कॉलेजातल्या नेमणुकीच्या वेळी समितीनं त्याला एक कविता वाचायला सांगितली. चार ओळी झाल्यावर अध्यक्षांनी विचारलं, “तुम्ही हजेरी घेताय का?” आता येत्या सोमवारी त्याला पुन्हा बोलावलं होतं. या खेपेला जमलं नाही तर मामांच्या खताच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं. म्हणून तो कुणाच्या तरी सांगण्यावरून राहुरीपलीकडच्या या गावात आला होता. एकतीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवून एस्तेर शेलारबाई इथं एकट्या राहत होत्या.

“प्रबंध वाचता का थोडा?” त्यानं जाडजूड वही पुढं केली.

बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली. वजनाचा अंदाज घेतला आणि कोनाड्यात ठेवून दिली.

“नळाला पाणी नाही आज,” त्या म्हणाल्या. “तो हंडा घ्या. हापशावर जाऊ.”

“बाई, माझ्याकडे दोनच दिवस आहेत.”

“मग कळशीपण घ्या.”

हापशावर शेजारच्या कौसाबाई आपला हंडा लावून उभ्या होत्या. पाहुणा बघून त्या बाजूला सरकल्या. सकाळच्या उन्हात त्यांना चार घटका करमणूक हवीच असावी.

“कौसाबाईंचा हंडा आधी,” शेलारबाई म्हणाल्या. “आणि मी सांगते ती ओळ म्हणत म्हणत भरायचा. द गोट हॅज गॉन टु ईट द हे.”

“ही कुणाची कविता?”

“माझी. आत्ताच केली.”

“म्हंजी काय ओ बाई?” कौसाबाईंनी विचारलं.

“बकरी वाळलं गवत खायला गेली.”

“कुणाची?”

“ते ओळीत नाही.”

कोपरकरनं आधी खिशातला पेन काढला आणि तळहातावर खुणा केल्या. द लघू. गोट गुरू. हॅज गुरू. गॉन गुरू... मग बाह्या सारून दांडा धरला.

“द,” दांडा वर गेला. “गोट,” खाली आला. पाण्याची धार पडली. “हॅज...”

त्यानं जोर लावला. दांडा खालीच होता. ठण्णकन आवाज झाला आणि कोपरकरचे दात एकमेकांवर आपटले.

कौसाबाई तोंड फिरवून हसल्या.

“खाली गेलेल्याला अजून किती खाली दाबणार?” बाईंनी विचारलं.

“पण ‘हॅज’ गुरूच आहे. पुढं अर्धा ज येतो. नियम आहे तसा.”

“बरं... मग नियमाला भरू द्या पाणी.”

तळहातावरच्या खुणा ओल्या होऊन निळ्या पसरल्या होत्या.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ठण्ण. तिसऱ्यांदा त्यानं रागारागानं प्रत्येक अक्षराला दांडा दाबून धरला. आठ अक्षरं झाली आणि पाणी आलं एक ओंजळभर.

“सगळीच जड,” बाई म्हणाल्या. “हजेरीच की ही.”

समितीतला तो शब्द त्यानं बाईंना सांगितला नव्हता. त्याचे कान लाल झाले. आत्ताच्या आत्ता एसटी पकडावी असं त्याला वाटलं.

कौसाबाईंना त्याची दया आली.

“साहेब, तुमी दांड्याला वर जाऊच देत नाय,” त्या म्हणाल्या. “वर जाताना पानी येत नाय, म्हनून काय ते फुकट असतं व्हय? सोडा त्याला. त्यो आपसूक जातो वर.”

कोपरकर थांबला. दांड्याकडे पाहिलं... मग बाईंकडे पाहिलं. बाई दूर शेतात काहीतरी बघत होत्या.

त्यानं हात सैल केले.

द वर. गोट खाली. हॅज... त्यानं दांडा सोडून दिला आणि तो आपसूक वर गेला. गॉन खाली. टु वर. ईट खाली. द वर. हे खाली.

चार धारा पडल्या.

त्यानं परत म्हटलं. परत चार. चौथ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं की आपण मोजत नाही आहोत. त्याला विलक्षण आनंद झाला. इतका, की तो मोठ्यानं हसला, आणि हसताना ओळ चुकली, तरी दांडा चुकला नाही.

“आता सिटी म्हणा,” बाई म्हणाल्या.

तोंडातून सवयीनं ‘सि’ हलका निघणार होता. पण दांडा वर उभा होता, वरून खालीच येणार. सि खाली आला, धार पडली. टी हलकेच वर निघून गेला.

“सि-टी,” तो पुटपुटला. “सि-टी. सि-टी... बाई, जोर पहिल्या अक्षरावर आहे. चारशे पानांत मी हे उलटं लिहिलं आहे.”

“भिजल्या नाहीत ना चपला?” बाईंनी विचारलं.

मग त्याचा चेहरा उतरला.

“पण सोमवारी समितीपुढं हापसा नसणार.”

बाईंनी त्याचे हात दांड्यावरून काढले आणि त्याला चार पावलं मागं नेऊन उभं केलं. जरा खूण करताच कौसाबाईंनी दांडा धरला.

“म्हणा.”

कोपरकरचे हात रिकामे होते. त्यानं डोळे मिटले आणि बाईंची बकरीची ओळ म्हटली. मग त्याच चालीवर स्वतःची एक जोडली, तिच्यात बकरी घरी परत आली. मग आणखी एक.

पाण्याचा आवाज येत होता. त्यानं डोळे उघडले.

कौसाबाईंना इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. पण तो ‘गोट’ म्हणाला की दांडा खाली येत होता, ‘हॅज’ म्हणाला की वर जात होता. त्या त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्याच्या आवाजावर त्यांचा हात चालला होता.

तो मध्येच थांबला.

त्यांचा हातही थांबला.

कोपरकरचे डोळे भरून आले. आजवर कुणी त्याचं वाचन मनापासून ऐकलं नव्हतं, आणि इथं एका बाईनं त्यावर पाणी भरलं होतं. तो चिखलातच वाकला आणि शेलारबाईंच्या पायांना हात लावला.

“पाय सोडा, कोपरकर,” बाई म्हणाल्या. “ओळ म्हणा. हंडा अजून अर्धाच आहे.”