फाटक उघडंच होतं

एकदा एक वृद्ध साधुपुरुष होते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची लहानशी मठी होती आणि सोबतीला एक तरुण शिष्य. वर्षातून एक दिवस, वैशाखात, हे बाबा डोंगराची फेरी करत. सूर्य उगवताना मठीतून निघायचे, कारवीच्या रानातून चढून पठारावर यायचे, ते उघडे पठार ओलांडून दरीत झऱ्यावर उतरायचे, मग समोरची खिंड चढायची आणि डोंगराला वळसा घालून दिवस मावळायच्या आत पुन्हा मठीच्या दारात. ही काही देवाची प्रदक्षिणा नव्हती. त्या मुलखाची रीतच अशी होती, की जी वाट वर्षभरात कोणी शेवटपर्यंत चालले नाही ती मोडली असे धरायचे. मग जमीन ज्याची असेल त्याने ती खुशाल नांगरावी. वाट जिवंत राहावी म्हणून कोणीतरी पाय झिजवायला हवेत. ते बाबा झिजवत.

यंदा मात्र शिष्याच्या डोक्यात फेरीपेक्षा मठीचे छप्पर होते. गेल्या पावसात ते इतके गळले, की दोघांनी चार महिने कोपरे बदलत काढले. पठाराची जमीन नुकतीच एका व्यापाऱ्याने घेतली होती आणि या शेठजींनी आपणहून निरोप धाडला होता, पावसाच्या आधी मठीवर नवी कौले घालून देतो म्हणून.

"शेठजी पठारावर भेटतील, बाबा," चढताना शिष्य म्हणाला, "दोन शब्द गोड बोला त्यांच्याशी."

बाबा करवंदे तोडून खात होते. "आत्ता तोंड आंबट आहे रे," ते म्हणाले.

पठारावर येऊन पाहतात तो वाटेवर आडवा गडगा घातलेला. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला, छातीइतका उंच, या कड्यापासून त्या कड्यापर्यंत. वाटेच्या डाव्या हाताला थोड्या अंतरावर लाकडी फाटक होते. फाटकात शेठजी स्वतः हात जोडून उभे, मागे त्यांचा रखवालदार ताकाचे मडके घेऊन. आणि गडग्याच्या सावलीत वाडीतली ठकूबाई रिकामी कळशी मांडीशी धरून बसलेली.

"या महाराज, या! तुमच्यासाठी उघडून ठेवलंय," शेठजी म्हणाले. "वाट काही मी बंद केलेली नाही हं. आत गुरं सोडलीत, म्हणून आडोसा घातला, इतकंच."

"आणि ही?" बाबांनी ठकूबाईकडे पाहिले.

"तिलाही सोडतो की! पाण्यासाठी सकाळी एकदा, सांजेला एकदा फाटक उघडतो. मी कोणाला नाही म्हणत नाही."

बाबांनी मान डोलावली. मग फाटकाकडे पाठ करून, जुनी वाट गडग्याला जिथे भिडत होती तिथे ते गेले, वरचा एक दगड उचलला आणि खाली ठेवला. मग दुसरा उचलला.

शेठजींना वाटले, म्हाताऱ्याला दिसत नसेल. "महाराज, फाटक इकडे आहे! उघडंच आहे!"

"दिसतंय मला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी तिसरा दगड काढला.

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "अहो, हे काय चालवलंय?" तो कुजबुजला. "मान देऊन बोलावतायत ते आपल्याला!" बाबांनी पुढचा दगड ओढला. दगड जड होते, एक तर निसटून पायावरच यायचा राहिला. शिष्याने हात लावला नाही. तो फाटकातून आत गेला आणि शेठजींनी दिलेले ताक खाली मान घालून प्यायला.

"गुरूंचं वय झालं तुझ्या," शेठजी म्हणाले. त्यांचे हसू आता मावळले होते.

बऱ्याच वेळाने माणूस जाईल एवढे खिंडार पडले. बाबा त्यातून आत आले, हात झटकले. "येतो, शेठजी. गुरं बाहेर पडतील, इथे एक काटेरी फांदी आडवी लावा. गुरांना ती पुरते, आणि माणसाला बाजूला सारता येते."

ठकूबाई उठली होती. रखवालदाराने नुसते तिच्याकडे पाहिले, तशी ती पुन्हा बसली.

पठार उतरून दोघे झऱ्याशी आले. मग शिष्याला राहवेना.

"कौलं गेली, बाबा."

"गेली असतील."

"पण कशासाठी? फाटक उघडं होतं!"

बाबा झऱ्याकाठच्या दगडावर टेकले. "उघडलं कोणी?"

"शेठजींनी."

"मग लावणारही तेच. आज त्यांचं मन मोठं आहे, म्हणून तू आत आलास. उद्या ते रागावले, परवा जमीन दुसऱ्याच्या हाती गेली, मग कोणाच्या तोंडाकडे पाहशील? अरे, दांडग्याने अडवलं तर आपल्याला अडवलंय एवढं तरी माणसाला कळतं. गोड बोलून सोडलं की तेही कळत नाही. तो उपकार मानत आत जातो, आणि त्याने उपकार मानला की वाट आत सोडणाऱ्याची झाली. ठकूबाईची आजी याच वाटेने पाणी नेत असे. तिने कधी कोणाला विचारलं नाही. नात आता वेळ बघून बसते. शेठजी वाईट नाहीत रे. पण जे आपलंच आहे, ते दुसऱ्याच्या चांगुलपणावर टांगून ठेवायचं नसतं."

शिष्याने मागे पठाराकडे पाहिले. "मी तर फाटकातून आलो. मग माझी फेरी?"

"तुझी तू बघ," बाबा म्हणाले. "मी बसलोय इथे."

शिष्य उठला आणि आल्या वाटेने पुन्हा पठार चढला. खिंडार एव्हाना बुजवले होते. त्याने वरचा दगड उचलला.

"आता काय राहिलं?" शेठजी फाटकातून ओरडले.

"वाट राहिली, शेठजी. चालायची."

"मग मठीचं छप्पर विसरायचं!"

शिष्याचा हात क्षणभर दगडावर थांबला. "भिजू," तो म्हणाला. "यंदाही भिजू." आणि त्याने तो दगड बाजूला टाकला.

खिंडार मोकळे झाल्यावर तो आधी बाहेर गेला, वळला आणि जुन्या वाटेने पुन्हा आत आला. मागे पावले वाजली. कळशी कमरेवर घेऊन ठकूबाई त्याच्या पाठोपाठ आत शिरत होती.

"ए बाई, सांजेला!" रखवालदार ओरडला.

"सांजेला भाकऱ्या कोन थापनार, तू?" ती म्हणाली, आणि मागे न बघता चालू लागली.

उतारावर शिष्याने तिला विचारले, "मघाशी बाबांच्या मागून का नाही आलीस?"

"त्ये बाबा मोठे. त्येंला कोन बोलनार? म्हटलं, तुमच्यासारख्याला काय करत्यात ते बघू."

शिष्याला हसू आले. कितीतरी दिवसांनी आले.

खाली बाबांनी दोघांना येताना पाहिले. ते दगडावरून उठून बाजूला झाले. ठकूबाईने कोणाला न विचारता कळशी झऱ्याखाली धरली.